फितुरांच्या वकीलबाई

बार असोसिएशनच्या नव्या कमिटीनं मला कॅन्टीनमध्ये गाठलं. म्हणाले, सर, रुद्राणीअक्कांचा सत्कार ठेवलाय, अंकात छापायला त्यांच्यावर चार शब्द द्या, तुमच्याइतकं जुनं ओळखणारं आता कुणी उरलं नाही. मी दिले. शांत, संयमी, मृदुभाषी, सगळ्यांना आपल्या वाटणाऱ्या. ते येतील छापून. पण खरं सांगायचं तर मला त्या बाईचा हेवा वाटतो, आणि तो असातसा नाही. सकाळी कोर्टाच्या फाटकात स्कूटर लावताना त्यांच्या खोलीबाहेरची गर्दी दिसली की माझा पुढचा चहा कडू होतो. वय सहासष्ट झालं. या वयात माणसाचे गुडघे दुखायला पाहिजेत, माझं पोट दुखतं. म्हणून हे दुसरं लिखाण, अंकाला न देण्याचं.

मी कल्लप्पा तोळणुरे, फौजदारी वकील. सोलापूरच्या कोर्टात चाळीस वर्षं आरोपींच्या बाजूनं उभा राहिलो. रुद्राणी मैंदर्गी त्यातली अठ्ठावीस वर्षं माझ्यासमोर, सरकारी वकील म्हणून. लॉ कॉलेजात आम्ही एकाच वर्गात. ती अक्कलकोटच्या पलीकडची, वडील शिंपी, दहावीपर्यंतचं शिक्षण कानडी शाळेत. सोलापुरात आली तेव्हा तिचं मराठी ऐकून वर्ग हसायचा. तो साडी, ती भांडण, असलं काय काय चालायचं. आमच्या घरीही कानडीच बोलतात, पण माझी शाळा मराठी, त्यामुळं मी हसणाऱ्यांत बसायचो. आज कोर्टात शिपायापासून जज्जसाहेबांपर्यंत सगळे तिला अक्का म्हणतात. चारचौघांत मीही म्हणतो. हितं मात्र मी रुद्राणीच म्हणणार.

लग्न केलं नाही तिनं. वडील लवकर गेले, मागं दोन बहिणी आणि आई अक्कम्मा. बहिणींची लग्नं हिनं लावली. अक्कम्मा आता नव्वदीच्या घरात आहेत आणि जुळे सोलापूर भागातल्या दोन खोल्यांत मायलेकी राहतात. हे सगळं कौतुकाचं आहे, मी कुठं नाही म्हणतो? पण कौतुक करायला गाव पडलंय, त्यात माझी भर कशाला.

सरकारी वकील म्हणून बाई मध्यम होती. आवाज इतका हळू की जज्ज म्हणायचे, मॅडम, जरा आम्हालाही ऐकू द्या. साक्षीदाराला प्रश्न विचारायची आणि गप्प उभी राहायची. त्याचं उत्तर संपलं तरी गप्पच. कोर्टात अशी शांतता पसरायची की मला राहवायचं नाही, मी उठून हरकत घ्यायचो. मी कसा होतो ते जुन्या माणसांना विचारा. मी उलटतपासाला उभा राहिलो की बाहेरचे पक्षकार आत येऊन उभे राहायचे. साक्षीदाराला मी एकच सांगायचो, हो की नाही तेवढंच बोला. तिच्याविरुद्ध शंभरावर केस जिंकल्या असतील मी, मोजायच्या म्हटलं तर जास्तच.

त्यातल्या निम्म्या केस फितुरीनं जिंकल्या हेही कबूल करतो. गावाकडच्या मारामारीच्या केसमध्ये सरकारी वकिलाचा जीव साक्षीदाराच्या हातात असतो. तो पोलिसांपुढं एक सांगतो आणि पाच वर्षांनी पिंजऱ्यात उभा राहून म्हणतो, मी काय बगितलं न्हाय साहेब, मी रानात गेलतो. कोर्टाच्या भाषेत तो फितूर झाला. हे फितूर आभाळातनं पडत नाहीत. तारखेच्या आधी कुणीतरी दोन्हीकडच्यांना देवळाच्या ओट्यावर बसवतं, बेलभंडार उचलायला लावतं आणि मिटवतं. ते कुणीतरी म्हणजे बऱ्याचदा मीच असायचो.

एकदा अक्कलकोट तालुक्यातल्या एका गावची केस होती. विहिरीच्या वाटेवरनं कुऱ्हाडी निघाल्या होत्या. तिच्या सातच्या सात साक्षीदारांना मी एका दिवसात फितूर केलं. आरोपी सुटले, मी काळा कोट काखेत मारून कॅन्टीनला आलो, तर रुद्राणी त्या सात फितुरांना घेऊन कोपऱ्यातल्या बाकावर बसलेली. सगळ्यांपुढं चहा. मला वाटलं बाईचं डोकं फिरलं, हरल्यावर कोण असा चहा पाजतं? ती त्यांना विचारत होती, केस तर गेली, आता मला एवढं सांगा, मिटलं कशावर? ते सांगायला लागले. वाट सोडली हे होतंच. पण त्याआधी आरोपीची म्हातारी आई जखमीच्या घरी गेली, उंबऱ्यावर बसली आणि पाणी मागून प्याली. दोन्ही घरांत अकरा वर्षं कुणी कुणाचं पाणी घेतलं नव्हतं. पाणी प्याली म्हटल्यावर मग बाकीचं काय राहिलं, असं तो फितूर म्हणाला. रुद्राणी ते सगळं आपल्या वहीत लिहून घेत होती.

आता बघा. केस जिंकली मी, मिटवलीही मी, आणि हे पाण्याचं मला माहीतच नव्हतं. मी हसलो आणि बाररूममध्ये जाऊन सगळ्यांना सांगितलं की मैंदर्गीबाई आता फितुरांच्या वकीलबाई झाल्या. ते नाव पुढं कित्येक वर्षं चाललं. ती मात्र प्रत्येक हरलेल्या केसनंतर असंच करत राहिली, आणि माझ्याविरुद्ध ती हरत पुष्कळ होती. म्हणजे तिची शाळा कुणी चालवली? मी. माझ्या पिठावर तिनं रेघोट्या ओढल्या.

अठ्ठावन्नाला ती निवृत्त झाली. त्याच सुमारास कोर्टात मध्यस्थी केंद्र जोरात सुरू झालं. जज्जाला वाटलं की ही केस निकालापेक्षा बोलून मिटेल, की ती मध्यस्थाकडं पाठवायची. मध्यस्थ निकाल देत नाही, दोघांना बोलतं करतो, आणि मिटलं तर दोघांच्या सह्या घेऊन तडजोडीचा कागद कोर्टात पाठवतो. चाळीस तासांचं प्रशिक्षण असतं. मीही घेतलं, ती पण त्याच बॅचला होती. माझं प्रमाणपत्र ऑफिसात काचेत लावलंय. मला वाटलं, गावोगावचे ओटे ज्यानं गाजवले त्याला हे काय अवघड.

मला अकरा केस मिळाल्या. दोन मिटल्या, त्यातल्या एकीत वादीच वारला. बाकीच्यांत काय झालं विचाराल तर सांगतो. शेजारी-शेजारी भिंतीवरनं भांडत आलेले, मी पहिल्याला म्हटलं, तुम्ही खिडकी पाडली हे खरं की खोटं, हो की नाही तेवढंच बोला. तो उठूनच गेला. पुढं माझ्याकडं केस यायच्या बंद झाल्या. कुणी काढलं नाही मला यादीतनं, फक्त पाठवायचे थांबले. आणि तिकडं रुद्राणीच्या खोलीबाहेर माढ्याचे, नातेपुत्याचे, अक्कलकोटचे लोक डबे घेऊन बसलेले. कानामागून आली आणि तिखट झाली म्हणतात ते हेच. बरं, कानामागूनही नाही, माझ्या डोळ्यांदेखत.

तिची खोली म्हणजे जुनी रेकॉर्डरूम. एक गोल टेबल, प्लास्टिकच्या खुर्च्या, पाण्याचा तांब्या. मे महिन्यात त्रेचाळीस डिग्रीला ही बाई कूलर बंद करते. का, तर कूलर चालू असला की माणसं ओरडून बोलतात आणि ओरडून बोलली की भांडतात. फाईल आत न्यायची नाही, बाहेरच्या कपाटावर ठेवायची. वकिलांनी सुरुवातीला काय ते बोलायचं आणि मग बाहेर चहाला जायचं. अशानं खटले मिटतात यावर माझा विश्वास नव्हता. पुढं माझाच एक पक्षकार तिच्याकडं गेला, फौजदारीच्या जोडीला थोडे दिवाणी दावेही मी चालवायचो त्यातला.

उजनीच्या पाणलोटाकाठचा कुंडलिक. त्याच्या थोरल्या भावाची विधवा दगडाबाई. पाणी मागं सरलं की कुंडलिकला मोटर पुढं न्यावी लागायची आणि पाइप दगडाबाईच्या केळीतनं जायचा. ती पाइप उचलून बांधावर टाकायची. नऊ वर्षं दावा चालला. मी कोर्टाकडनं मोजणीचे नकाशे आणवले, मनाई हुकूम आणला, तो उठवला गेला, परत आणला. रुद्राणीनं तीन बैठकांत मिटवलं. काय निघालं म्हणाल? नवरा असताना कुंडलिक रोज बांधावर येऊन हाक मारायचा, वैनी, मोटर चालू करतोय. नवरा वारल्यावर त्यानं मोबाइलवर चालू होणारा स्टार्टर बसवला. घरात बसून बटन दाबायचा. दगडाबाईच्या रानात दिवसभर कुणाची हाक यायची बंद झाली. ठरलं असं की मोटर मोबाइलवरच चालू करायची, पण बांधावर येऊन हाक मारून. कुंडलिक मला पेढे द्यायला आला आणि वर म्हणाला, साहेब, तुमी हे कधी इचारलंच न्हाय की. त्या दिवशी माझ्या अंगाची लाही लाही झाली. नऊ वर्षांत माझ्या अर्जात हाकेला जागा कुठं होती?

इथवर माझा हेवा धंद्याचा होता. तो घरात शिरला अक्षतामुळं.

अक्षता माझी एकुलती एक मुलगी. तीन वर्षांपूर्वी तिचं लग्न प्रभुशी झालं. घराणं चांगलं, अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलचा कारखाना, आठ माग. प्रभु शिकलेला, सासू सावित्रम्मा शंभर घरांत नाव घ्यावं अशी. मागच्या दिवाळीत पोरगी माहेरी आली आणि परत गेलीच नाही. मी विचारलं काय झालं, गप्प. मारलं का, गप्प. काही मागितलं का, गप्प. मला तिथं नाही राहायचं, एवढंच एकदा म्हणाली. उन्हाळ्यात तिचं पोट पडलं होतं, गर्भ गेला होता, हे आम्हाला माहीत होतं, पण ते दुःख निवलं असेल असं मी धरून चाललो. माझी पत्नी सिद्धेश्वरी मला म्हणाली, थोडं थांबा. मी तिला म्हटलं, कोर्टाचं तुला काय कळतं, तू स्वयंपाकाचं बघ. आणि आठवड्यात घटस्फोटाचा अर्ज तयार केला.

आता जे सांगतो ते वकिलालाच कळेल, आणि वकिलानंच करावं असं ते आहे. आम्ही अर्ज कोऱ्या कागदावर लिहीत नाही. जुना अर्ज कॉम्प्युटरवर काढायचा, नावं बदलायची, परिच्छेद तेच. माझ्या त्या जुन्या अर्जात सातवा परिच्छेद होता: सासूने अर्जदारास दिवसदिवस उपाशी ठेवले, शिळे अन्न दिले, माहेरून चारचाकी आणण्यासाठी हात उचलला. तो मी ठेवला. सासूचं नाव घालायच्या जागी सावित्रम्मांचं नाव घातलं. त्यात वाईट असं मला वाटलंच नाही, सगळेच ठेवतात, पुढं कोर्टात बघू असं असतं. सह्यांच्या जागी पेन्सिलनं फुल्या मारल्या आणि कागद पोरीपुढं सरकवले. तिनं फुल्या बघून सह्या केल्या. बापानं लिहिलेलं कोण वाचतं.

कौटुंबिक न्यायालयानं केस मध्यस्थीला पाठवली आणि यादीत नाव निघालं रुद्राणीचं. पहिल्या बैठकीत तिनं सरळ सांगितलं की ही माझ्या वर्गमित्राची मुलगी आहे, कुणाची हरकत असेल तर मी बाजूला होते. प्रभु म्हणाला, माझी नाही. मला हरकत घेता आली असती. घेतली नाही, कारण घेतली असती तर अख्ख्या कोर्टाला कळलं असतं की तोळणुरे जळतो. आणि खरं सांगू, आत कुठंतरी असंही वाटलं की इथं तरी हिचं काही चालू नये. पोरीच्या संसारापुढं बापाच्या मनात असलं यावं. आलं ते आलं, लिहून टाकतो.

पहिल्या बैठकीत मी वीस मिनिटं बोललो. मग रुद्राणीनं अक्षताला विचारलं, तुला काय वाटतं? उत्तर मी दिलं. तिनं परत अक्षतालाच विचारलं, उत्तर परत मीच दिलं. सवय, दुसरं काय. रुद्राणीनं कूलर बंद केला आणि माझ्याकडं बघून म्हणाली, कल्लप्पा, तुम्ही बाहेर जाऊन चहा घ्या. मी, चाळीस वर्षांचा वकील आणि मुलीचा बाप, बाहेर बाकावर आलो. माझ्या शेजारी सावित्रम्मा बसलेल्या. आमच्यात व्याह्यांना बीगरु म्हणतात आणि बीगरु समोर आले की आधी पाणी, मग बोलणं. आम्ही दोघं एका बाकावर दोन टोकांना बसलो आणि कुणी कुणाला पाणी विचारलं नाही.

दाराला काचेची एक पट्टी आहे. त्यातनं दिसत होतं. अक्षता बोलत होती. हात हलवून, मधेच थांबून, डोळे पुसून, परत बोलत होती. पाच महिने घरात मला ‘हं’ आणि ‘नको’ या दोन शब्दांवर ठेवलेली पोरगी एका परक्या बाईपुढं एक तास बोलली, आणि रुद्राणी नुसती ऐकत होती. माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली. खटला हरण्याचं दुःख मला माहीत आहे, ते संध्याकाळपर्यंत जातं. हे गेलं नाही. मला ती केस जिंकायची नव्हती आता, मला एवढंच पाहिजे होतं की अक्षता जे तिथं बोलली ते तिनं मला सांगावं. घरी येताना मी तिला विचारलं, आत काय बोललीस? ती म्हणाली, अक्का म्हणाल्या, आतलं आत ठेवायचं. नियमच आहे तो. मीच शिकलेला नियम, मला माझ्या पोरीनं सांगितला.

तिसऱ्या बैठकीला बाकावर बसल्याबसल्या सावित्रम्मा पहिल्यांदा माझ्याशी बोलल्या. कानडीतच बोलल्या, आवाज न चढवता.

"वकीलसाहेब, मी तिला उपाशी ठेवलं म्हणून तुम्ही लिहिलंय. कुठल्या दिवशी ठेवलं, ती तारीख तरी लिहायची होती की. पोट पडलं तेव्हा बावीस दिवस मी तिला माझ्या हातानं भरवलं. त्यातला कुठला दिवस?"

आयुष्यभर मी साक्षीदारांना तारखा विचारून घाम फोडला. आणि आता मी म्हणालो, अम्मा, ते अर्जात असं लिहायची पद्धत असते. त्या म्हणाल्या, असेल, आणि पदर सावरून दुसरीकडं बघायला लागल्या. मग कळलं, समन्स गेलं त्याच दिवशी प्रभुनं त्या परिच्छेदाचा फोटो काढून अक्षताला पाठवला होता. म्हणजे पोरीला चार महिने माहीत होतं की तिच्या सहीखाली काय लिहिलंय. आणि ती एकाच घरात माझ्यासमोर जेवत होती.

चौथ्या बैठकीत मिटलं. रुद्राणीनं आम्हाला सगळ्यांना आत बोलावलं आणि तडजोडीचा कागद वाचून दाखवला. दोघांनी विजापूर रोडला वेगळी जागा घेऊन एकत्र राहायचं. घटस्फोटाचा अर्ज मागं. सातवा परिच्छेद खरा नाही, तो वकिलाच्या चुकीनं आला, असं लिहून अर्जदाराच्या वकिलानं खाली सही करायची. मी केली. चाळीस वर्षांत मी चूक म्हणून कुठं सही केली नव्हती, पण सावित्रम्मा समोर बसलेल्या होत्या आणि मला त्यांच्याकडं बघता येत नव्हतं.

मग चौथी अट. अर्जदाराच्या वडिलांनी इथून पुढं एक वर्ष या संसाराबद्दल तिच्या वतीनं कुठं काही बोलू नये, लिहू नये, आणि तिला प्रश्न विचारू नयेत. तिला वाटेल तेव्हा ती स्वतः बोलेल.

मी प्रभुला व्हरांड्यात ओढलं आणि नको ते बोललो. म्हटलं, बायको घेऊन जातोस ते जा, वर बापाचं तोंडही शिवून जातोस होय? त्यानं मला बोलू दिलं. मग खाली बघत म्हणाला, "मामा, चौथी अट माझी न्हाय."

मी म्हटलं, मग सावित्रम्मांची. त्यानं नाही म्हणून मान हलवली. रुद्राणी दारात उभी होती, तिला विचारलं. ती म्हणाली, कल्लप्पा, आतलं मी सांगत नसते, तुम्हाला माहीत आहे. अक्षता आत टेबलापाशी सह्या करत होती. या वेळी तिनं प्रत्येक पान वाचलं, बोट फिरवून वाचलं, आणि मग सही केली. निघताना ती रुद्राणीच्या पाया पडली आणि रुद्राणीनं तिला कवटाळलं. माझ्याही पाया पडली ती, रीतीप्रमाणं. उठली आणि प्रभुच्या गाडीत जाऊन बसली.

केस मिटली की मध्यस्थानं आपली टिपणं फाडून टाकायची असतात. रुद्राणीनं सगळ्यांसमोर वहीची चार पानं काढली, फाडली, कोपऱ्यातल्या डब्यात टाकली आणि पुढच्या पक्षकारांना बोलवायला बाहेर गेली. खोलीत मी एकटा. मला नियम माहीत होता. अकरा वेळा मी स्वतः टिपणं फाडली होती. तरी मी वाकलो आणि डब्यात हात घातला. मध्यस्थांच्या यादीतला, भिंतीवर प्रमाणपत्र लावलेला मी, कचऱ्यातनं चिठोऱ्या वेचून कोटाच्या खिशात कोंबत होतो. पोरीनं काय सांगितलं ते माझ्या हातात होतं. मी एक तुकडा उजेडात धरला. कानडी. सगळं कानडीत लिहिलेलं. मी कानडी बोलतो, कानडीत भांडतो, झोपेतही कानडीच बोलतो असं बायको म्हणते, पण वाचता येत नाही मला. एक अक्षर नाही.

वर बघितलं तर रुद्राणी दारात. किती वेळ उभी होती कोण जाणे. मला वाटलं ती आता तोंड उघडेल, केंद्राच्या अध्यक्षांना सांगेल, यादीतनं नाव काढायला लावेल. तिनं तांब्यातलं पाणी पेल्यात ओतलं, माझ्यापुढं ठेवलं आणि परत बाहेर गेली. कोर्टात इतक्या वर्षांत ती जशी गप्प उभी राहायची तशीच. ते पाणी मी प्यालो नाही. खिसा सावरून तसाच बाहेर पडलो.

दुपारी दीडला घरी पोचलो. सिद्धेश्वरीचं माहेर इंडीचं, तिची शाळा कानडी. मी खिशातल्या चिठोऱ्या जेवणाच्या टेबलावर ओतल्या आणि म्हटलं, वाच. तिनं विचारलं, हे कुठलं? मी सांगितलं. ती ओल्या हातांना पदर लावून बसली आणि तुकडे जुळवायला लागली. पंधरा मिनिटं गेली. तिचे ओठ हलत होते. मी शेजारी उभा, कधी एकदा बोलते असं झालेलं. कुकरच्या दोन शिट्ट्या झाल्या, तिनं उठून गॅस बंद केला आणि परत येऊन बसली.

मग म्हणाली की चौथी अट अक्षताचीच आहे. मी खुर्चीवर बसलो. म्हटलं, आणि बाकीचं? ती का आली होती घर सोडून? तिनं सगळे तुकडे गोळा करून मुठीत घेतले. म्हणाली, बाकीचं वाचायची मला गरज नव्हती, ते मला दिवाळीतच माहीत होतं. आली त्याच रात्री पोरीनं सगळं सांगितलं होतं, माझ्या मांडीवर डोकं ठेवून.

म्हणजे प्रभुला माहीत, सावित्रम्मांना माहीत, रुद्राणीला माहीत, आणि माझ्या घरात माझ्या ताटात वाढणारीला माहीत. मी एकटा सहा महिने दारं ठोठावत फिरलो. मी विचारलं, मग मला का नाही सांगितलंस?

सिद्धेश्वरी मूठ न उघडता उठली.

"सांगितलं असतं," ती म्हणाली, "तर तुम्ही तेही अर्जात घातलं असतं."